जोतिबाच्या डोंगरावर उधळलेली चावी

दिग्रसहून कोल्हापूरला गाडीने जायचं तर मध्ये सोलापूरला मुक्काम करावा लागतो, इतकं ते दूर आहे. आमच्याकडचे लोक माहूरला जातात, शेगावला जातात. कोल्हापूर बहुतेकांनी चपलेच्या दुकानाच्या पाटीवरच वाचलेलं असतं. मीही त्यातलाच. आता जाऊन आलो, तर आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी लिहून दे असं थोरात बाईंनी सांगितलं. बाईंनी सांगितलं म्हणजे लिहायलाच पाहिजे.

बाईंनी मला सातवीपर्यंत शिकवलं. आठवीत माझी शाळा सुटली. मग ट्रॅक्टर, मग टेम्पो असं करत करत मी शेवटी बाईंच्याच गाडीवर ड्रायव्हर म्हणून आलो. गाडी त्यांच्या मुलाच्या नावावर आहे, निखिलदादांच्या. दादा मस्कतला असतात. नवी गाडी, सगळी इलेक्ट्रॉनिक, तेव्हा एजन्सीचा शिकलेला ड्रायव्हर ठेवावा असं दादांचं म्हणणं होतं. बाई म्हणाल्या, विलासच पाहिजे. दादा म्हणाले, "ठीक आहे, बघू." याला दोन महिने झाले होते आणि ते 'बघू' माझ्या कानातून गेलं नव्हतं.

या गाडीची चावी आपण समजतो तशी नसते. काळी, साबणाच्या छोट्या वडीएवढी. ती भोकात घालायची नाही, फिरवायची नाही. नुसती खिशात असली की दार उघडतं आणि बटण दाबलं की गाडी चालू होते. खिशात नसली तर गाडी म्हणजे चार चाकांवरची पत्र्याची खोली. दुसरी चावी दिग्रसला बाईंच्या कपाटात होती, आणि घराची व कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये, म्हणजे आमच्यासोबतच.

जोतिबाचा डोंगर, रविवार

सांगली सोडल्यापासून दोन्ही बाजूंनी ऊस. आमच्याकडे या दिवसांत कापसाच्या गाड्या असतात, इथे उसाच्या ट्रॉल्या, एकामागे दोन जोडलेल्या. ओव्हरटेक करायला छाती लागते. मध्येच कुठेतरी गुऱ्हाळाचा धूर दिसायचा आणि काच खाली केली की गुळाचा वास गाडीत भरायचा. बाई म्हणाल्या, "थांबूया का?" मी म्हटलं, "येताना थांबू बाई." मला आधी पोचायची घाई. मी असाच आहे. पोचल्याशिवाय मला काही गोड लागत नाही.

जोतिबा हे बाईंच्या सासरचं कुलदैवत. डोंगरावर गाडी लावायची आणि पायऱ्या उतरून देवळात जायचं, हे मला नवल वाटलं. आमच्याकडे देवाला जायचं म्हणजे चढायचं. दोन्हीकडे दुकानं, गुलालाचे ढीग, खोबऱ्याच्या वाट्या. देऊळ, फरशी, माणसं, कुत्रीसुद्धा गुलाबी. इथली रीत अशी की गुलाल आणि सुक्या खोबऱ्याचे तुकडे मुठीमुठीने शिखराकडे उधळायचे आणि 'चांगभलं' म्हणायचं.

ज्यांच्याकडे चपला ठेवल्या त्या दुकानदाराने सांगितलं, "पावणं, आज रविवार हाय. खिसं सांभाळा. गर्दीत हात घालत्यात."

त्याने चांगल्यासाठीच सांगितलं. पण मी घाबरलो. पँटच्या खिशात हात घातला, चावी लागली. शर्टच्या खिशात ठेवली, तर वाकलं की पडेल असं वाटलं. शेवटी बाईंनी घेतलेली गुलाल-खोबऱ्याची पिशवी माझ्या हातात होती, तिच्या तळाशी चावी घातली आणि पिशवी छातीशी धरली. चोर कितीही हुशार असला तरी खोबऱ्यात हात घालणार नाही, असा माझा हिशेब. तेव्हा मला माझंच कौतुक वाटलं होतं.

बाईंचा उजवा खांदा वर्षभरापासून धरलेला आहे. हात डोक्याच्या वर जात नाही. अंगणात उभं राहून त्यांनी एक मूठ टाकली, ती त्यांच्याच पदरावर पडली. दुसऱ्यांदा हात उचलताना त्यांच्या तोंडातून आवाज निघाला.

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विलास, तुमच्यात हे नाही, मला माहीत आहे. तुला चालणार नसेल तर राहू दे."

आमच्या घरी तथागतांपुढे मेणबत्ती लागते, नवससायास नाहीत. पण बाईंचा तो अर्ध्यात थांबलेला हात मला बघवेना. मी म्हटलं, "बाई, हात माझा. उधळणं तुमचं."

पहिली मूठ टाकली. बाई म्हणाल्या, "उंच टाक." दुसरी उंच टाकली. शेजारी पेठवडगावकडची माणसं होती, ती ओरडली, "आता कसं! शिखराला लागू दे, पावणं!" याआधी एवढ्या लोकांनी मला कशाचीही शाबासकी दिल्याचं आठवत नाही. मी पिशवीत हात घालत गेलो आणि टाकत गेलो. शेवटची मूठ जरा जड लागली. ती सगळ्यात उंच गेली.

गाडीपाशी येऊन दाराला हात लावला. दार उघडलं नाही. परत लावला. मग पिशवीत बघितलं. तळाशी चिमूटभर गुलाल होता.

बाईंनी विचारलं, "काय झालं?"

मी नुसतं देवळाच्या दिशेने बोट केलं.

परत पायऱ्या उतरलो. अंगणात खाली वाकून शोधायला लागलो. तिथे खोबरं वेचणारे लोक असतात, त्यांना वाटलं मीही खोबरं वेचतोय. एका म्हाताऱ्याने माझ्या हातावर दोन तुकडे ठेवले. मी सांगितलं, चावी गेली, गाडीची. तो म्हणाला, "कुटं गेली?" मी वर बघितलं. तोही वर बघायला लागला. हळूहळू दहा-पंधरा माणसं माना वर करून उभी.

"इथं अंगठ्या उधळल्याली मी बघितल्यात," चपलांचा दुकानदारही आला होता. "घड्याळ बी गेल्यालं हाय एकाचं. गाडी पहिल्यांदाच."

"गाडी न्हवं, चावी," कुणीतरी म्हणालं.

"एकच की ते."

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. पण हसता हसता माणसं वाकून शोधायला लागली होती, हे मला सांगायलाच पाहिजे. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. झाडणाऱ्या एका मावशींनी केराचा अख्खा ढीग परत पसरला आणि त्यातून चावीचं अर्धं काढलं. वरचं टरफल, आणि त्यात बसवलेली लोखंडी पात. बाकीचं, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी, पायाखाली चुरा होऊन गुलालात मिसळली होती. मावशींनी तो चुराही कागदात बांधून दिला. "घ्या. असू दे जवळ," म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "आता गं बाई."

पातीने दार उघडता येतं, हे दादांनी गाडी देताना एकदा दाखवलं होतं. हँडलच्या टोकाला झाकण असतं, त्याखाली भोक. पात घातली, फिरवली, दार उघडलं. आणि गाडी बोंबलायला लागली. हॉर्न, चारी दिवे, सगळं. चावी जवळ नसताना दार उघडलं म्हणजे चोर, असं तिला शिकवलेलं. सगळा वाहनतळ माझ्याकडे बघतोय, मी गुलालाने माखलेला, हातात मोडकी चावी. एक हवालदार आले.

"गाडी कुणाची?"

"मालकाची जी."

"मालक कुठाय?"

"मस्कतले."

हवालदारांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. तेवढ्यात बाई पुढे झाल्या. तीस वर्षं वर्ग सांभाळलेला आवाज आहे तो. "गाडी माझ्या मुलाची आहे. हा आमचा ड्रायव्हर आहे. आधी तो आवाज बंद कसा करायचा ते सांगा, मग चौकशी करा." आवाज आपोआपच बंद झाला. डॅशबोर्डच्या कप्प्यातून कागद काढून दाखवले, हवालदारांनी बाईंना नमस्कार केला आणि गेले. गाडी मात्र चालू होईना. बटण दाबलं की समोरच्या पडद्यावर चावीचं चित्र यायचं आणि त्यावर काट मारलेली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावला. ते म्हणाले, चावी मागवावी लागेल, दहा-बारा दिवस, आणि मालकांना स्वतः यावं लागेल.

गाडी डोंगरावर ठेवून आम्ही वडापने खाली आलो. वडाप म्हणजे माणसं भरभरून नेणारी जीप, आमच्याकडची काळीपिवळी. बाईंना पुढची जागा मिळावी म्हणून एक पैलवान मागे पत्र्यावर लटकला. उतरताना बाईंनी मला हळूच सांगितलं, "निखिलला यातलं काही कळवायचं नाही. मी बघते." मला माहीत होतं त्या का म्हणाल्या. माझ्यासाठीच म्हणाल्या.

कोल्हापूर, तोच दिवस

बाईंना लॉजवर पोचवलं. त्यांनी मला जबरदस्तीने जेवायला पाठवलं. खानावळीत तांबडा आणि पांढरा असे दोन रस्से वाट्यांमधून आले. पांढरा रस्सा बघून मला वाटलं, आजारी माणसासाठी असेल. तसं नाही. आमच्याकडचा रस्सा तोंडात घेतल्याबरोबर जाळ काढतो, हा गिळल्यावर मागून येतो. मालक वाटीत ओततच होते. मी नको म्हटलं तर म्हणाले, "नगं कसं? बसलाईसा न्हवं?" आमच्याकडे "घ्या ना जी" म्हणून मिन्नतवारी करतात, इथे दम देतात. तेही प्रेमच आहे, पण ओळखायला वेळ लागतो.

मी चार घास खाल्ले आणि चावीचं विचारलं. त्यांनी वाढपी थांबवून सगळ्या टेबलांवर विचारलं. तिघांनी एकच पत्ता सांगितला. शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला, पुष्पा वहिनी.

शिरोली, सोमवार

शिरोलीत सगळीकडे कारखाने. लोखंड ओतायचे. सकाळची पाळी सुटली होती आणि माणसं काळीकुट्ट तोंडं घेऊन चहाच्या गाड्यांवर उभी होती. गरम वाळूचा एक वास तिथे असतो, मी आधी कुठे घेतला नव्हता. दोन कारखान्यांच्या मध्ये पत्र्याचं एक दुकान. बाहेर एक गृहस्थ कानशीने साधी किल्ली घासत बसले होते. आत काउंटरवर लॅपटॉप, आणि त्यामागे पुष्पा वहिनी, चाळिशीच्या, पदर खोचलेला. घासायच्या किल्ल्या नवऱ्याकडे, इलेक्ट्रॉनिक चाव्या वहिनींकडे, अशी त्यांची वाटणी.

मी कागदाची पुडी काउंटरवर ठेवली. त्यांनी उघडली.

"ह्यो गुलाल कशाला?"

मी सांगितलं. बाहेरच्या गृहस्थांची कानस थांबली.

"ऐकलंसा का?" वहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "देवाला चावी वाहिली ह्यांनी." मग पट्टीचे तुकडे चिमट्याने बघितले. "ही मेली. नवी करावी लागंल. करू की, एवढं तोंड पाडू नगा. गाडीजवळ बसून कॉम्प्युटरला सांगायचं, जुन्या चाव्या इसर, ही नवी वळख. दीड-दोन तासाचं काम."

माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी गाडीचे कागद मागितले, नाव वाचलं.

"निखिल थोरात तुमीच?"

"नाही जी. मी ड्रायव्हर."

"मग त्यास्नी व्हिडिओ कॉल लावा."

मी म्हटलं, त्यांच्या आई इथे आहेत, लॉजवर. आणतो. वहिनी म्हणाल्या, कागदावर आईचं नाव नाही. मी म्हटलं, दादा मस्कतले आहेत, फोन लागत नाही. हे खोटं होतं आणि माझ्या तोंडावर ते दिसत असणार, कारण वहिनींनी लॅपटॉप मिटला.

"राग मानू नगा, पावणं. पाच वर्सामागं एकजण असाच आला. गोड बोलला, कागद दावलं, आमच्या ह्यांनी चावी करून दिली. गाडी चोरीची. तीन दिवस ह्यांना ठाण्यात बसीवलं. तवापास्नं आमचा नेम हाय. मालकाचं तोंड दिसल्याबिगर चावी न्हाय. आमदार आला तरी न्हाय."

"मी चोर नाही वहिनी."

"तुमी चोर हाय म्हनलं का मी? चोराचं तोंड असं नसतंय. पर नेम म्हंजे नेम." आणि नवऱ्याला म्हणाल्या, "च्या सांगा ह्यांना. पांढरं पडल्यात."

बाहेरच्या बाकावर मी चहा घेऊन बसलो. चहा निवला तरी कप हातातच. मी हिशेब घातला. बाईंना सांगितलं तर त्या दादांना फोन करतील आणि चूक स्वतःवर घेतील, म्हणतील माझ्या हातून पडली. त्या तशा आहेत. मग मी गप्प बसणार, आणि पुढे रोज गाडी चालवताना ते माझ्या मानेवर बसणार. न सांगितलं तर गाडी डोंगरावर सडणार. आणि मीच सांगितलं तर नोकरी जाणार. घरी बायकोने, रंजनाने, नुकतंच दारापुढे तुळई टाकून पडवी वाढवायला घेतलेली. तिला काय सांगू, गुलाल उधळला म्हणून काम गेलं?

वहिनींचे यजमान किल्ली घासता घासता म्हणाले, "ठाण्यात बसलोतो तवा मला सगळ्यात कसलं भ्या वाटलं, सांगू? ही येऊन इच्यारंल, आन् मला खरं सांगाय लागंल त्याचं. मार न्हाय एवढा लागला."

त्यांनी वर बघितलं नाही. मी फोन काढला.

दादांचा चेहरा पडद्यावर आला. डोक्यावर साइटवरचं पिवळं हेल्मेट. "बोल विलास. आई बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. खिसेकापूंपासून. मध्ये थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं म्हणून एका दमात सांगितलं. चूक माझी, बाईंना बोलू नका, त्यांनी तुम्हाला कळवू नको म्हटलं होतं ते माझ्यासाठी.

दादांनी हेल्मेट काढलं. मागे कुठेतरी यंत्र चालू होतं, तेवढं ऐकू येत होतं.

"आईचा हात वर जात नाही?"

"नाही दादा. वर्ष झालं."

"मला सांगते, बरा आहे." मग म्हणाले, "त्या बाईंना फोन दे."

वहिनींनी माझा फोन काउंटरवर डब्याला टेकवून उभा केला आणि स्वतःच्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं. त्यांचे प्रश्न ठरलेले. नाव. गाडीचा नंबर. रंग. दादा उत्तरं देत गेले. मग वहिनींनी मला खांद्याला धरून पडद्यासमोर उभं केलं. "आता ह्यो मानूस कोन, ते सांगा. वळखीचा हाय? ह्येच्या हातात चावी देऊ?"

हाही प्रश्न असतो हे मला माहीत नव्हतं. मी बाजूला बघायला लागलो.

"विलास आहे," दादा म्हणाले. "द्या." मग जरा थांबून, "आणि दोन चाव्या करा. एक नको."

फोन बंद झाला. वहिनी म्हणाल्या, "झालं की. एवढ्यासाठी मगाधरनं बसलावता व्हय?" मी हो म्हटलं. पण माझ्या डोक्यात ती दुसरी चावी घुसली होती. एक चावी दिग्रसला आहे, ती घरी गेल्यावर परत ओळख करून देता येईल, असं वहिनींनीच सांगितलं होतं. मग एकदम दोन नव्या कशाला? एकच उत्तर मला सुचलं. एजन्सीचा ड्रायव्हर येणार. त्याला त्याची चावी.

परत डोंगरावर

वहिनी आणि त्यांचे यजमान स्कूटरवर, बाई आणि मी वडापमध्ये. वाटेत मी बाईंना सांगितलं की दादांना फोन केला. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "हाताचंही सांगितलंस?"

"हाव बाई. म्हणजे, हो."

"बरं केलंस," असं त्या म्हणाल्या, पण रागाने.

गाडीवर गुलालाचा थर बसला होता. वहिनींनी स्टीअरिंगखाली वायर जोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. "आता दाराला हात लावायचा न्हाय, बटनाला लावायचा न्हाय. श्वास घेतला तर चालंल." मी शक्यतो तोही घेतला नाही. पडद्यावर एक रेघ सरकत होती. अर्ध्यावर येऊन थांबली. वहिनींच्या कपाळाला आठी पडली. मी बाईंकडे बघितलं, बाई देवळाकडे बघत होत्या. रेघ पुन्हा सरकली.

"बसा आत. ब्रेकवर पाय. दाबा बटन."

बोट दोनदा बाजूलाच लागलं. तिसऱ्यांदा गाडी चालू झाली. चपलांचा दुकानदार दुरूनच ओरडला, "चांगभलं!" वहिनींनी दुसरी चावी शिकवली, तिनेही गाडी चालू करून बघितली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. म्हणाल्या, "आता खोबरं येगळं आन् चावी येगळी." मी त्यांना म्हटलं, वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू. त्या म्हणाल्या, "उपकार कसलं? धंदा हाय." आणि स्कूटरवर बसून गेल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, मी मात्र स्कूटर वळणाआड जाईपर्यंत हात वर धरून उभा होतो.

फोन वाजला. दादांचा मेसेज. दोन्ही चाव्यांचा फोटो पाठव.

मी दोन्ही तळहातावर ठेवल्या आणि फोटो काढून पाठवला. आता पुढचं येईल, असं वाटत होतं. चावी कुणाला द्यायची, कधी द्यायची, किती तारखेपर्यंत काम करायचं. बाई शेजारी बसून पदराचा गुलाल झटकत होत्या. मी इंजिन चालूच ठेवलं होतं. बंद केलं तर परत होणार नाही असं वाटत होतं.

मेसेज आला. 'डावीकडची तुझी. कायमची तुझ्याजवळ ठेव. दुसरी आईला दे. आणि उद्या तिला तिथल्याच हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन जा, ती नाही म्हणेल, ऐकू नको.'

मी बाईंना वाचून दाखवलं. डॉक्टरचं ऐकून त्या म्हणाल्या, काही गरज नाही. मी गाडी शहराच्या दिशेने वळवली.

चाव्या अगदी सारख्या होत्या. रंग, वजन, सगळं. तरी मी फोन परत उघडला, फोटोत बघून डावीकडची कोणती ते नीट ठरवलं, आणि तीच घेतली.